चित्रकार व्हायला निघालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच ये-जा करतो. किर्लोस्कर म्हटले की कोणाला शेतावरचा पंप आठवतो, कोणाला डिझेल इंजिन. पण हे नाव शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर घराबाहेर पडले ते चित्रकार व्हायला, आणि त्यांचा पहिला धंदा हा नोकरी सांभाळून केलेला जोडधंदा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रकलेच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या काळजीत असणाऱ्या पालकांनी ही हकीकत मुद्दाम वाचावी.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात नव्हते. त्याला दोन गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि यंत्रे हाताळणे. त्या काळी शिकलेल्या घरातील मुलाने सरकारी नोकरी धरावी किंवा वकिली करावी, अशी रीत होती. चित्रे काढून पोट भरेल, यावर वडिलांचा विश्वास बसणे कठीणच होते, आणि त्यात त्यांची काही चूक होती असे आम्हाला वाटत नाही. थोरले बंधू रामूअण्णा यांनी मात्र धाकट्या भावाची ओढ ओळखली व पैशाचा भार उचलला. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे मन लावून काम केल्यावर एक विचित्र अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. हे अंशतः रंगांधळेपण जन्मजात असते, त्यावर सरावाचा किंवा जिद्दीचा उपाय चालत नाही. घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर ज्या विद्येसाठी मुंबई गाठली, तिचे दार असे बंद झाले. गावी परत जाऊन मान खाली घालून एखादी कारकुनी धरणे हाच मार्ग बहुतेकांनी घेतला असता.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढायच्या, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगच्या कामाला रंग लागत नाहीत. तिथे हवी असते अचूक रेषा, नेमके माप आणि डोळ्यांसमोर नसलेली वस्तू मनात फिरवून पाहण्याची शक्ती. यंत्राचा एखादा भाग वरून कसा दिसेल, बाजूने कसा दिसेल, मधोमध कापला तर आत काय असेल, हे सारे कागदावर उतरवावे लागते. चित्रकलेची आणि यंत्रांची, अशा दोन्ही आवडी इथे एकत्र आल्या. मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आज ही संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते) याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. फावल्या वेळात ते कारखान्यात जाऊन यंत्रे उघडत, जोडत. ज्या यंत्राची आकृती फळ्यावर काढायची ते हाताने खोलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

१८८८ साली मुंबईत त्यांनी एका माणसाला दोन चाकांच्या वाहनावरून जाताना पाहिले. सायकल तेव्हा आपल्याकडे इतकी नवी होती की रस्त्यावर लोक थांबून बघत. लक्ष्मणरावांना त्या यंत्राने भुरळ घातली, आणि पाठोपाठ विचार आला की याचा व्यापार का करू नये? त्यांनी रामूअण्णांना त्यात घेतले व बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान निघाले.

या दुकानाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. ते मुंबईत शिकवत राहिले, तिथे सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत राहिले. रामूअण्णा इकडे त्या विकत, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. ही शिकवणी म्हणजे धंद्याचा गाभाच होता. जी वस्तू कधी पाहिलेली नाही, जिच्यावर बसले की पडायला होते, ती कोण विकत घेणार? आधी तोल सांभाळायला शिकवायचे, मग विकायची. महिन्याचा पगार एका भावाच्या हाती निश्चित येत होता, म्हणून एखाद्या महिन्यात सायकल खपली नाही तरी चूल विझण्याची भीती नव्हती. जोडधंद्याला असा टेकू लागतो, आणि विश्वासाचा जोडीदारही लागतो. रामूअण्णांचे नाव आज कमी घेतले जाते. आमच्या मते या दुकानाच्या यशात निम्मा वाटा त्यांचा आहे.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलण्यात आले. गुणवत्ता असूनही मागे राहावे लागते हे पाहून त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. अपमान तर झालाच होता, पण पगार सोडून त्यांना पुरते अंधारात उडी घ्यावी लागली नाही. बेळगावात त्यांचे स्वतःचे दुकान चालू होते.

सायकली दुसऱ्यांनी बनवलेल्या होत्या. लक्ष्मणरावांना स्वतः काही बनवायचे होते. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. इथे जे. जे.मध्ये कमावलेला हात कामी आला. लोखंडाचा ओतीव भाग करायचा तर आधी कागदावर आकृती लागते, तिच्यावरून लाकडी नमुना, त्यावरून वाळूचा साचा, आणि मग त्यात वितळलेले लोखंड ओततात. निवताना लोखंड थोडे आकसते, म्हणून नमुना मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. आकृतीत केसभर चूक झाली की भाग एकमेकांत बसत नाहीत.

नांगर तयार झाला आणि पडून राहिला. आपल्याकडचा लाकडी नांगर, त्याला लोखंडी फाळ असला तरी, जमीन वरवर उकरतो. हा नवा नांगर माती खोलवर उलथून टाकत होता. पण सगळा नांगरच लोखंडाचा असेल तर जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! तयार माल डोळ्यांसमोर गंजू न देता सांभाळायचा, गावोगाव समजूत घालायची आणि घरही चालवायचे. चित्रकलेत रंगांनी दगा दिला तेव्हाची निराशा मोठी, की ही, हे सांगणे कठीण आहे.

जरा बस्तान बसते आहे तोच जानेवारी १९१० मध्ये नगरपालिकेची नोटीस आली. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायची होती. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले व त्यांनी आपल्या संस्थानात जागा आणि कर्ज देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे पाहायला मिळतात. चित्रकार राजाने चित्रकार होता होता राहिलेल्या कारखानदाराला हात द्यावा, हा योग मोठा गमतीचा.

मिळालेली जागा म्हणजे कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला ओसाड माळ. बेळगावचे कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे गेले. कारखाना उभा राहिला, आणि रामूअण्णांच्या देखरेखीखाली भोवती गाव वसले : घरे, बागा, रस्ते. तेच किर्लोस्करवाडी. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. ते काढणारे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हेही हातात कुंचला घेणारेच. त्यांनी व्यंगचित्रेही काढली आणि अंकांतून मराठी घरांत नवे विचारही नेले.

नांगरामागून भुईमूग फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पंप असे एकेक करून बनत गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. मिरजेहून पुण्याला जाताना उजव्या-डाव्या खिडकीतून पाहत राहिलात, तर ती पाटी दिसेल.