शिखरावरचा दर्यावर्दी

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पावर माउंट ब्रँडन हा ९५२ मीटर उंचीचा पर्वत थेट अटलांटिक महासागराच्या काठाशी उभा आहे. पश्चिमेचा चढ सौम्य. पूर्वेला मात्र हिमनद्यांनी कोरलेले कडे, निमुळती कातळधार आणि एकाखाली एक अशी तळी. माथ्यावर दगडी प्रार्थनागृहाचे अवशेष आहेत. ज्यांच्या नावाने हे शिखर ओळखले जाते, ते संत ब्रेंडन याच परगण्यात इ. स. ४८४च्या सुमारास जन्मले.

बालपणी त्यांचा सांभाळ संत इटा या साध्वीने केला. पुढे धर्मदीक्षा घेतलेल्या ब्रेंडन यांनी ठिकठिकाणी मठ उभारले. गॉलवे परगण्यातील क्लॉनफर्टचा मठ त्यांत सर्वांत प्रसिद्ध. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील बेटांत त्यांनी संत कोलंबा यांची भेट घेतल्याचा उल्लेख सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या कोलंबाचरित्रात आहे. ते समुद्रप्रवास करीत, हे यावरून दिसते.

त्यापुढचे सारे आख्यायिकेच्या धुक्यात आहे. या शिखरावर उपवास व प्रार्थना करून ब्रेंडन यांनी पश्चिमेच्या पुण्यभूमीच्या शोधात जाण्याचे ठरवले, असे परंपरा सांगते. लाकडी सांगाड्यावर बैलांची कातडी ताणून होडी बांधली गेली आणि सोबत्यांसह सात वर्षांची सफर झाली. बेट समजून ते ज्यावर उतरले, तो प्रचंड मासा निघाला! या सफरीच्या लॅटिन कथेची शंभराहून अधिक हस्तलिखिते आजही उपलब्ध आहेत. ‘ब्रेंडनचे बेट’ तर कित्येक शतके युरोपच्या नकाशांवर दाखवले जात होते.

असा प्रवास निदान शक्य होता का, हे टिम सेव्हरिन यांनी तपासून पाहिले. १९७६च्या मे महिन्यात ते याच पर्वताच्या पायथ्याच्या खाडीतून चामड्याच्या होडीने निघाले आणि आइसलँडमध्ये हिवाळा काढून जून १९७७मध्ये न्यूफाउंडलंडला पोहोचले. अर्थात, याने ब्रेंडन अमेरिकेत गेले होते हे सिद्ध होत नाही.

इ. स. ५७७च्या सुमारास, नव्वदी ओलांडलेले ब्रेंडन अ‍ॅनाडाउन येथे बहीण ब्रिगा हिच्या मठात मृत्युशय्येवर होते. कशाचे भय वाटते, असे तिने विचारले. एकट्याने जायचे आहे, वाट अंधारी आहे, प्रदेश अनोळखी आहे आणि न्यायनिवाडा काय होईल ठाऊक नाही, असे उत्तर या दर्यावर्दी संताने दिल्याचे चरित्रकथा सांगतात. आपले अवशेष पवित्र म्हणून लोक अडवून ठेवतील, ही चिंताही त्यांना होती. म्हणून त्यांच्याच सूचनेनुसार मृत्यूची वार्ता काही काळ गुप्त ठेवण्यात आली आणि पार्थिव सामानसुमान असल्याचे भासवून गाडीतून क्लॉनफर्टला नेण्यात आले. तेथेच त्यांचे दफन झाले.