मादाम क्युरींचे पहिले वर्ष

मादाम क्युरी म्हणजे माहेरची मारिया स्क्लोडोव्स्का. जन्म १८६७, वॉर्सा. तेथील विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मोठ्या बहिणीच्या डॉक्टरकीसाठी पैसे पाठवता यावेत म्हणून तिने काही वर्षे परक्या घरी राहून मुलांना शिकवले. १८९१ मध्ये ती रेल्वेने पॅरिसला आली आणि सॉरबॉन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकू लागली.

पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आले की आपले गणित कच्चे आहे आणि वर्गातले भराभर बोललेले फ्रेंचही नीट समजत नाही. पण ती परत फिरली नाही. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी ग्रंथालय, रात्री माळ्यावरच्या गारठलेल्या खोलीत अभ्यास. जेवण पुष्कळदा पाव आणि चहा. एकदा तर भोवळ आली.

१८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली. पुढच्या वर्षी त्याच कच्च्या गणितात दुसरी! १९०३ व १९११ साली नोबेल पारितोषिके मिळाली. १९०६ मध्ये सॉरबॉनमध्ये शिकवणारी पहिली स्त्री होण्याचा मानही त्यांनाच मिळाला. १९३४ साली त्यांचे निधन झाले.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी फिजिक्सने मलाही घाम फोडला होता. आपली मुले परगावी, परभाषेत पहिल्या वर्षाला असतील आणि पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, तर रागावण्याआधी त्यांना ही हकिकत जरूर सांगावी.