मुक्त व्यापाराचा कैवारी : रिचर्ड कॉब्डेन

एका देशात लोक अर्धपोटी असावेत, शेजारच्या देशांत गहू भरपूर पिकलेला असावा, तो विकण्यास तेथील शेतकरी आणि विकत घेण्यास येथील मजूर तयार असावा, आणि तरीही कायद्याने त्या दोघांच्या मध्ये भिंत उभी करावी, हे कोणासही चमत्कारिक वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात नेमके हेच घडत होते. ती भिंत पाडण्यासाठी ज्याने आपला व्यवसाय, आपले आरोग्य आणि पुढे आपली लोकप्रियताही खर्ची घातली, त्या रिचर्ड कॉब्डेनचे हे चरित्र आहे.

कॉब्डेनचा जन्म ३ जून १८०४ रोजी दक्षिण इंग्लंडातील ससेक्स परगण्यात, डनफर्ड येथील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. अकरा भावंडांत तो चौथा. वडील स्वभावाने सरळ, पण व्यवहारात कच्चे होते. शेती तोट्यात गेली, राहते घर विकावे लागले आणि मुलांची पांगापांग झाली. रिचर्डला दूर यॉर्कशायरमधील एका वसतिगृहाच्या शाळेत धाडण्यात आले. तेथे ना पोटभर अन्न मिळे, ना मायेचा शब्द. त्या पाच वर्षांविषयी मोठेपणीही तो बोलणे टाळी.

पंधराव्या वर्षी तो लंडनला काकांच्या कापडाच्या वखारीत कारकून म्हणून लागला. पुस्तकांचा नाद धंद्याला मारक आहे, असे काकांचे मत होते. पण पुतण्या पहाटे उठून आपल्या खोलीत फ्रेंच भाषेचा अभ्यास करी. पुढे तो फिरता विक्रेता झाला आणि १८२८ साली त्याने दोन मित्रांसह स्वतःचा धंदा सुरू केला. तिघांजवळ भांडवल बेताचेच होते. परंतु त्यांची सचोटी पाहून एका मोठ्या पेढीने त्यांना उधारीवर माल दिला. काही वर्षांतच मँचेस्टर शहरात कॉब्डेनच्या कारखान्यातील छिटांना चांगले नाव मिळाले.

हाती पैसा येताच त्याने प्रवास आरंभिला. १८३५ साली तो अमेरिकेत गेला. नंतर त्याने ईजिप्त, तुर्कस्तान व ग्रीस हे देश पाहिले. अमेरिकेजवळ तेव्हा मोठे सैन्य नव्हते, तरीही तो देश झपाट्याने वाढत होता. याउलट युरोपातील राज्ये सैन्यावर अमाप खर्च करून कर्जात रुतली होती. हे पाहून कॉब्डेनच्या मनात एक विचार पक्का झाला. जे लोक एकमेकांशी मोकळेपणाने देवघेव करतात, त्यांना एकमेकांची गरज वाटू लागते आणि युद्धाची इच्छा कमी होते. म्हणून सरकारने लोकांच्या व्यापारात अडथळे आणू नयेत आणि परराष्ट्रांच्या कारभारात ढवळाढवळही करू नये, असे त्याचे मत बनले. हे एकच सूत्र त्याने जन्मभर धरून ठेवले.

या सूत्राची पहिली कसोटी धान्याच्या कायद्यांवर लागली. १८१५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने असा कायदा केला होता की, देशातील गव्हाचा भाव दर क्वार्टरला, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलोग्रॅमला, ८० शिलिंगांवर गेल्याखेरीज परदेशचा गहू विक्रीस आणू नये. पुढे या नियमात फेरफार झाले, पण जकातीचा अडसर राहिलाच. धान्य महाग राहिल्याने जमीनदारांना खंड भरपूर मिळे, आणि पार्लमेंटात जमीनदारांचेच प्राबल्य होते. गिरणीतील मजुराची मात्र बरीचशी मजुरी पावावरच खर्च होई.

या कायद्यांविरुद्ध मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८३९ साली एक संघ स्थापन केला. कॉब्डेन त्याचा प्राण होता. १८४१ साली तो पार्लमेंटवर निवडून आला. त्याच वर्षी त्याचा मित्र जॉन ब्राइट याची तरुण पत्नी मरण पावली. कॉब्डेन त्याला भेटावयास गेला. सांत्वन करून झाल्यावर तो म्हणाला की, या घटकेस देशातील हजारो घरांत बायका-मुले भुकेने प्राण सोडीत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, आणि हा कायदा रद्द होईपर्यंत आपण विसावा घ्यायचा नाही. ब्राइट उठला, आणि पुढील पाच वर्षे दोघे मित्र गावोगाव हिंडले.

त्यांनी कोठेही हाती शस्त्र घेतले नाही. १८४० पासून देशात कोठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले होते. त्या सोयीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. १८४३ या एका वर्षात संघाने सुमारे ९० लाख पत्रके वाटली. शेतकऱ्यांच्या सभांत कॉब्डेन आपण शेतकऱ्याचे पुत्र असल्याचे सांगे आणि महागाईचा नफा कुळाच्या नव्हे, तर जमीनदाराच्या खिशात जातो, हे हिशेबाने पटवून देई. त्याच्या बोलण्यात अलंकार नसत. आकडे व दाखले असत.

सर्वच मजूर त्याच्या बाजूचे होते असे मात्र नाही. कारखान्यातील कामाचे तास कायद्याने कमी करावेत, अशी मजुरांची मागणी होती. मुलांना कायद्याचे संरक्षण हवे हे कॉब्डेनला मान्य होते. पण प्रौढ माणसाने किती तास काम करावे हे सरकारने ठरवू नये, असे तो म्हणे. यंत्रापुढे बारा बारा तास उभा राहणारा मजूर मालकाशी बरोबरीच्या नात्याने करार करू शकत नाही, ही विरोधकांची बाजू पुढील काळाने मान्य केली.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ ओढवला. पंतप्रधान रॉबर्ट पील हा जमीनदारांच्या पक्षाचा पुढारी. पण कॉब्डेनचे युक्तिवाद त्याला हळूहळू पटत आले होते. स्वपक्षाचा रोष पत्करून त्याने धान्याचे कायदे रद्द करण्याचे विधेयक आणले आणि जून १८४६ मध्ये ते संमत झाले. अधिकार सोडताना पीलने या यशाचे श्रेय उघडपणे कॉब्डेनला दिले. कॉब्डेनचा धंदा मात्र तोवर बुडाला होता. तेव्हा कृतज्ञ लोकांनी ७५,००० पौंडांहून अधिक निधी जमवून त्याला अर्पण केला. त्यातून त्याने डनफर्डचे आपले जन्मघर परत विकत घेतले.

येथे तो थांबला असता, तर जन्मभर लोकांच्या गळ्यातील ताईत होऊन राहिला असता. परंतु त्याच्या सूत्राचा दुसरा भाग अद्याप उरला होता. राष्ट्रांनी आपले तंटे लवादाकडे न्यावेत, असा ठराव त्याने १८४९ साली पार्लमेंटात मांडला. त्याला अवघी ७९ मते पडली. १८५२ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशावर स्वारी केली. सातारचे राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसीच तेव्हा हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. कॉब्डेनने सरकारी कागदपत्रे चाळून दाखवून दिले की, दोन जहाजी कप्तानांच्या हजार पौंडांहूनही कमी रकमेच्या मागणीतून हे युद्ध उद्भवले, आणि त्याचा भार हिंदुस्थानच्या रयतेवर पडला. १८५४ साली रशियाशी क्रिमियाचे युद्ध सुरू झाले, तेव्हाही त्याने व ब्राइटने विरोध केला. लोक त्यांना देशाचे वैरी म्हणू लागले.

१८५६ साली त्याचा पंधरा वर्षांचा एकुलता एक मुलगा जर्मनीतील शाळेत असताना अकस्मात वारला. या आघातातून तो सावरतो न सावरतो तोच चीनमधून बातमी आली. ॲरो नावाच्या एका लहान जहाजावरील खलाशांना चिनी अधिकाऱ्यांनी पकडले, एवढ्या कारणावरून इंग्रजांनी कँटन शहरावर तोफा डागल्या होत्या. हे कृत्य ज्याच्या हुकमाने झाले, तो जॉन बाउरिंग कॉब्डेनचा जुना स्नेही होता. तरीही कॉब्डेनने पार्लमेंटात निषेधाचा ठराव मांडला आणि तो १६ मतांनी संमत झाला. पंतप्रधान पामर्स्टनने तत्काळ नवी निवडणूक पुकारली. युद्धाच्या जोशात लोकांनी कॉब्डेनला पाडले. ज्या मँचेस्टरने ब्राइटला डोक्यावर घेतले होते, त्याच मँचेस्टरने त्यालाही घरी बसविले.

दोन वर्षांनी कॉब्डेन पुन्हा निवडून आला. त्याच पामर्स्टनने त्याला मंत्रिपद देऊ केले, पण त्याने ते नाकारले. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तेव्हा युद्धाचे वारे वाहत होते. अशा वेळी कॉब्डेन पॅरिसला गेला आणि मिशेल शव्हाल्ये या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्याने जानेवारी १८६० मध्ये दोन्ही देशांत व्यापारी तह घडवून आणला. इंग्लंडने फ्रेंच मद्यावरील जकात कमी केली. फ्रान्सने इंग्रजी कोळसा, लोखंड व कापड यांना वाट मोकळी केली. या कामगिरीबद्दल देऊ केलेली पदवीही त्याने घेतली नाही.

मुक्त व्यापाराचे हे तत्त्व सर्व देशांना सारखेच लागू पडते काय, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. आपल्याकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लावता येत नाहीत, असे प्रतिपादन केले. ज्या देशाला आपली जकात ठरविण्याचेही स्वातंत्र्य नव्हते, त्याची स्थिती इंग्लंडहून निराळी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्च १८६५ मध्ये कॉब्डेनला दम्याने ग्रासले होते. तरीही कॅनडात तटबंदी उभारण्याच्या खर्चाला विरोध करण्यासाठी कडाक्याच्या थंडीत तो लंडनला गेला. तेथेच २ एप्रिल १८६५ रोजी त्याचे निधन झाले. ससेक्समध्ये, आपल्या मुलाच्या शेजारी, तो चिरविश्रांती घेत आहे.

कॉब्डेनची सर्व मते आज कोणी स्वीकारील वा न स्वीकारील. परंतु लोक जयजयकार करीत असताना त्याने जे सांगितले, तेच लोक धिक्कार करू लागल्यावरही सांगितले. सामान्य माणसाच्या ताटातील घास महाग करणारा कायदा आणि त्याच्या मुलाला रणांगणावर पाठविणारा हुकूम, या दोहोंविषयी राज्यकर्त्यांना जाब विचारला पाहिजे, ही शिकवण त्याने आपल्या आचरणाने दिली.