ब्रेकला कातडं लावणारी बर्था

गेल्या आठवड्यात आमच्या घरची पिकअप गॅरेजला लावली होती. माल भरून घाट उतरताना ब्रेक दाबला की पायाखालचं पेडल थरथरायचं. हे म्हणायचे, चालतंय अजून. मीच हट्टाने पाठवली. मिस्त्रीने चाक खोलून दाखवलं. डिस्क झिजून कुठे जाड, कुठे पातळ झाली होती. अशा डिस्कवर लायनर एकसारखं दाबलं जात नाही आणि प्रत्येक फेऱ्याला बसणारा धक्का थेट पेडलपर्यंत पोचतो. डिस्क लेथवर लावून सपाट केली, लायनर नवे टाकले, थरथर गेली.

ते जुनं झिजलेलं लायनर हातात घेतलं आणि मला बर्था बेंझ आठवली. मैत्रिणींनो, ब्रेकला असं अस्तर लावायची कल्पना एका बाईला सुचली होती. तीही प्रवासात, दोन मुलं सोबत असताना!

बर्था रिंगर जर्मनीतल्या फोर्झहाइम गावची. जन्म 3 मे 1849 चा. वडील सुतारकाम आणि बांधकामातले, खाऊनपिऊन सुखी. पण तिच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये करताना पुन्हा मुलगीच झाली याची खंत त्यांनी लिहून ठेवली होती, असं सांगतात. मोठी झाल्यावर ते तिच्या वाचनात आलं. लागायचं ते मनाला लागलंच. यंत्रांची मात्र तिला लहानपणापासून ओढ होती.

1869 साली एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. कार्ल हुशार, पण खिशात दमडी नाही. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायचं वेड मात्र डोक्यात पक्कं. मानहाइमला भागीदारीत काढलेला त्याचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला, तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि त्या भागीदाराचा हिस्सा सोडवला. 1872 मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या काळच्या कायद्याने लग्नानंतर बायकोच्या पैशावर नवऱ्याचा ताबा यायचा. म्हणजे आपल्या पैशाबाबतचा बहुधा हा तिचा शेवटचा स्वतंत्र निर्णय, आणि तो तिने एका वेडावर लावला.

पुढची वर्षं ओढगस्तीची. मुलं होत होती, कर्ज वाढत होतं. एकदा तर जप्तीची पाळी आली. तरी बर्थाने धीर सोडला नाही. 1879 च्या शेवटच्या रात्री, सगळं जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना, ती नवऱ्याला घेऊन कारखान्यात गेली आणि इतके दिवस न चालणारं इंजिन त्या रात्री एका लयीत चालू लागलं. 29 जानेवारी 1886 ला तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट दाखल झालं. त्यावर नाव एकट्या कार्लचं.

पण गाडी घेणार कोण? लोकांना ते धूर सोडणारं खेळणं वाटायचं. कार्ल स्वभावाने काळजी करणारा, सुधारणा करतच बसायचा. गाडी लांब पल्ल्याला चालते हे कुणीतरी चालवूनच दाखवायला हवं होतं.

ऑगस्ट 1888. बर्था 39 वर्षांची. एका पहाटे नवरा झोपेत असताना तिने 15 वर्षांचा ऑयगेन आणि 13 वर्षांचा रिचर्ड यांना सोबत घेतलं आणि गाडी बाहेर काढली. जायचं माहेरी, फोर्झहाइमला. शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर. रस्ते बैलगाडीचे, पेट्रोल पंप नाही, मेकॅनिक नाही. एवढ्या लांबचा मोटारप्रवास तोवर कुणीच केलेला नव्हता.

इंधन संपत आलं तेव्हा विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. हे डाग काढायला वापरायचं द्रव. म्हणून त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. इंजिन गार ठेवायला वाटेत जागोजाग पाणी भरायचं. चढ आला की मुलं उतरून ढकलायची.

खरी भीती उताराची होती. ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. उतरताना ते घासून झिजू लागले. गाडीत पोटची मुलं, पुढे उतार आणि ब्रेक धरेना! बाउश्लॉट गावात तिने चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. कातड्याने पकड आली आणि खालचं लाकूड वाचलं. झिजायचं ते अस्तराने झिजावं, ते बदलता येतं. आजचं लायनर याच तत्त्वावर चालतं.

अंधार पडताना ती माहेरी पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परत आली, ती सुधारणांची यादी घेऊनच. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे या प्रवासातूनच कळलं. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. शतक संपेपर्यंत बेंझचा कारखाना मोटारी बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना झाला होता.

कार्लने आपल्या आठवणींत बायकोचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. 1929 मध्ये तो गेला. बर्था त्यानंतर 15 वर्षं जगली. 95 व्या वाढदिवशी कार्ल शिकला त्या कार्लस्रूच्या तंत्रशिक्षण संस्थेने तिला मानाचं पद दिलं. दोनच दिवसांनी, 5 मे 1944 ला, लाडेनबुर्गच्या राहत्या घरी तिने डोळे मिटले. अमेरिकेतल्या मोटार क्षेत्राच्या सन्मान यादीत कार्लचं नाव 1984 साली आलं, बर्थाचं 2016 साली. 32 वर्षांचं अंतर!

आपल्यापैकी कितीजणी रोज भरल्या गाडीत नवऱ्याशेजारी, मुलांना मांडीवर घेऊन बसतात. गाडीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून गप्प राहतात. एबीएस असलेल्या गाडीत अचानक जोरात ब्रेक मारला तर पेडल क्षणभर थरथरतं, तो बिघाड नव्हे. पण साधा ब्रेक लावतानाही रोज थरथर जाणवत असेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्यायला सांगा. चालतंय अजून, असं उत्तर मिळालं तर दुसऱ्यांदा सांगा. मी तेच केलं.