सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पेनिसिलीनचा शोध लावणारे म्हणून फ्लेमिंग सर्वांस परिचित आहेत. परंतु त्या औषधाच्या दुरुपयोगातून ओढवणाऱ्या संकटाची सूचनाही त्यांनीच दिली होती, हे अनेकांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात ६ ऑगस्ट १८८१ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे लंडनमध्ये एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी चार वर्षे कारकुनी केली. वारसाहक्काने थोडे धन हाती येताच, १९०१ मध्ये, ते सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बूलोन्य येथे ते जखमी सैनिकांच्या सेवेत होते. शस्त्रक्रिया यशस्वी होई, पण जखम चिघळून सैनिक दगावे. जखमेत तीव्र जंतुनाशके ओतण्याची तेव्हा रीत होती. खोल जखमेच्या कानाकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत ती पोहोचत नाहीत, उलट जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचाच संहार करतात, हे फ्लेमिंग यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. जंतू मरावा, पण शरीरास इजा होऊ नये, अशा द्रव्याचा त्यांस ध्यास लागला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीहून परतल्यावर त्यांस आढळले की, पू निर्माण करणाऱ्या जंतूंच्या एका बशीत बुरशी उगवली आहे आणि तिच्याभोवतीचे जंतू विरून गेले आहेत. तेच पेनिसिलीन! ते शुद्ध करून रोग्यांस देण्याजोगे करण्याचे श्रेय मात्र ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांचे. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस विभागून मिळाले.

त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखू लागलेला एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलीन आणून अपुऱ्या प्रमाणात घेतो. जंतू मरत नाहीत, औषधास सरावतात. तेच जंतू पत्नीस लागून तिला न्यूमोनिया होतो. आता पेनिसिलीनचा काहीच उपाय चालत नाही आणि ती मरण पावते.

ही भीती लवकरच खरी ठरली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी पेनिसिलीनला दाद न देणारे १९४६ मध्ये शेकडा सुमारे १४ होते. १९४८ मध्ये ते ५९ झाले! दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढे प्रजा वाढते ती त्यांचीच. त्यानंतर नवनवी औषधे आली, पण त्यांनाही न जुमानणारे जंतू निपजले. शस्त्रक्रियेच्या जखमेत ते शिरले, तर आजही कुशल शल्यचिकित्सक हतबल होतात.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत. त्यांचे खरे स्मरण आपल्या घरांतच व्हावयास हवे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून असे औषध घेऊ नये, त्यांनी ठरवून दिलेले मध्येच सोडू नये आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. त्या कल्पित गृहस्थाची चूक आपल्या हातून न घडो, एवढीच आमची विद्यार्थ्यांस व पालकांस विनंती आहे.