राणोजी शिंदे पाटील

कोल्हापुरानजीक जोतिबाच्या डोंगरावरील मुख्य देऊळ राणोजी शिंदे ह्यांनीं १७३० सालीं बांधविलें. हे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे पाटील. आरंभीं बाजीराव पेशव्यांच्या पदरीं हलकी चाकरी. धन्याचे जोडे झोपेंतहि उराशीं धरिले होते, असें सांगतात. आख्यायिकाच ती, पण आम्हांस गोड वाटते. पुढें माळव्यांत सरदारी मिळाली, उज्जनीस ठाणें झालें. तरी कुलदैवत सुटलें नाहीं, एका मुलाचें नांवहि जोतिबाच. १७४५ सालीं ते वारले. मागून घरावर घाव पडत गेले: जयाप्पा १७५५ सालीं नागोरास मारेकऱ्यांच्या हातून, दत्ताजी १७६० सालीं बुराडी घाटावर, नातू जनकोजी पुढल्याच वर्षीं पानिपतास. महादजी तेवढे वांचले, तेहि पायानें अधू होऊन. दिल्लीचा कारभार हातीं आल्यावरहि ते स्वतःस पाटीलच म्हणवीत.