संत संताजी जगनाडे महाराज : अभंग जपणारा टाळकरी

चाकण म्हटलं की आज आपल्याला गाड्यांचे कारखाने आठवतात. पण याच चाकणमध्ये तेलाच्या घाण्यावर काम करणाऱ्या एका माणसाने मराठीचा फार मोठा ठेवा जपला. ते म्हणजे संत संताजी जगनाडे महाराज.

संताजींचा जन्म ८ डिसेंबर १६२४ रोजी चाकण येथे झाला, असे मानले जाते. वडिलांचे नाव विठोबा आणि आईचे मथाबाई. घरचा धंदा तेल गाळण्याचा. घाण्याला बैल जुंपायचा, तेल काढायचं, विकायचं आणि हिशोब ठेवायचा. संताजींना लिहिता-वाचता येत होतं. पुढे याच गोष्टीचा मोठा उपयोग झाला.

त्या काळी जवळच्या देहू गावी संत तुकाराम महाराज (१६०८-१६५०) अभंग रचत होते. त्यांचे कीर्तन ऐकून संताजी त्यांचे शिष्य झाले. कीर्तनात तुकाराम महाराज पुढे उभे राहून गात आणि मागे चौदा टाळकरी धृपद धरत. त्या चौदा जणांत संताजी होते. सोबतीला वीणा, टाळ आणि मृदंग. एवढ्यावर गावच्या गाव रंगून जाई.

अभंगाची रचनाही अशीच सोपी असते. मोठ्या अभंगात चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, म्हणजे एकूण बावीस. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब ठेवावा लागत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही अभंग पटकन पाठ होतो.

पण नुसतं पाठ असून भागत नाही. माणूस गेला की गाणंही जातं. संताजी तुकोबांचे अभंग वहीत लिहून ठेवत. तुकोबांना विरोध करणाऱ्यांमुळे त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेराव्या दिवशी त्या वर आल्या, असे वारकरी परंपरा सांगते. लोकांच्या तोंडी असलेले अभंग गोळा करून संताजींनी ते पुन्हा लिहिले, असेही सांगतात. पुढे १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. अशा धामधुमीच्या काळात कागद सांभाळणं सोपं नव्हतं. तरीही संताजींच्या नावाच्या वह्या टिकल्या. विसाव्या शतकात अभ्यासक वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे तुकोबांची गाथा छापली.

संताजींची समाधी मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मुलांनो, अभंग रचणारे तुकोबा मोठेच. पण मागे उभं राहून टाळ धरणारा आणि घरी येऊन लिहून ठेवणारा संताजी नसता, तर आपल्या हाती किती अभंग आले असते?

उपक्रम : गाथेतील एक अभंग घ्या. प्रत्येक चरणातील अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरा. मग टाळी वाजवत वर्गात म्हणा.